डबल स्टँड

“काल मी एकट्यानं चढवली होती स्टँडवर,” सहादू मोटारसायकलमागे वाकून पुटपुटला. “आज काय खाल्लंय हिनं?”

लताबाईनं दिराचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सावळीराम जाऊन महिना झाला होता, तरी नवऱ्याची राजदूत तिनं विकू दिली नव्हती. तिला कळवणला नोकरी लागली होती; ती परत येईपर्यंत गाडी घरीच झाकून ठेवायची होती. “परत आले की मीच चालवीन,” ती म्हणाली, तेव्हा दुःखाच्या घरातही लोकांना हसू फुटलं होतं. सावळीरामनं तर तिला हँडलला कधी हातही लावू दिला नव्हता.

पेट्रोल काढलं होतं, बॅटरी उतरवली होती, चेनला ग्रीस लावलं होतं. आता डबल स्टँडवर उभी करून वर गोणपाट टाकलं, की झालं. पण हलकी झालेली गाडी जागची हलेना. शेजारचे पुंजाराम मदतीला आले. तिघांनी जोर लावला, तरी मागच्या स्प्रिंगा दबलेल्याच.

“गंजल्या असतील,” पुंजाराम म्हणाले.

“जमीनच खचलीय,” सहादू म्हणाला.

सीटकडे मात्र दोघंही बघत नव्हते. लताबाईनं बघितलं. पुढच्या अर्ध्या भागात रेक्झिन खोल दबलं होतं.

सहादूनं हात सोडले. “वहिनी, विकूनच टाकू.”

“विकायची नाही.”

तिनं पदर खोचला, हँडल धरलं आणि सीटच्या वर, जिथं बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथं, नजर रोखली.

“अहो, उतरा खाली. गाडी आता माझी आहे.”