दोन किलोची कुऱ्हाड

"हलकी हवी," काउंटरवर वाकून मास्तर हळूच म्हणाले, "पण दिसायला दणकट."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "काका, हलकी हवी की दणकट?"

"दोन्ही. आणि स्वस्तातली."

बायको पलीकडच्या फळीवर तंबूचं सामान बघत होती. मास्तरांनी तिकडे एक नजर टाकली आणि उजवा हात खिशात घातला. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवलेला हा हात चार महिन्यांपासून त्यांचंच ऐकेनासा झाला होता. कप धरला की चहा बशीत. बायकोला यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. उद्या दोघं तळ्याकाठी तंबू ठोकायला निघणार होती, दरवर्षीसारखी. तिथे लाकडं फोडायचं काम मास्तरांचं, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपायचा नाही. जुनी कुऱ्हाड आता उचलवत नव्हती. दांडा खिळखिळा झालाय, असं त्यांनी घरी ठोकून दिलं होतं.

दुकानदाराने तीन कुऱ्हाडी मांडल्या. पहिली खांद्यापर्यंत नेली तोच मास्तरांचं मनगट लटपटलं.

"हिचं पातं बरं नाही," ते म्हणाले.

दुसरी तर कमरेच्या वर गेलीच नाही. "हिचा दांडा काही मनात भरत नाही."

दुकानदार बुचकळ्यात पडला. याच दोन कुऱ्हाडी तर गिऱ्हाईकं डोळे झाकून नेत होती.

तिसरी छोटीशी होती, पोकळ दांड्याची. ती अलगद वर आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"सहाशे ग्रॅम," दुकानदार म्हणाला. "किंमत मात्र या दोन्हींच्या दुप्पट."

"दुप्पट? लोखंड निम्मं आणि पैसे दुप्पट? हा कुठला न्याय?"

"हलकेपणाचेच तर पैसे आहेत, काका."

मास्तर चक्रावले. स्वस्त पडली म्हणून छोटी घेतली, असं सांगायचं येतानाच पक्कं केलं होतं. आता काय सांगायचं? आणि किंमत लपवली तरी वजन कसं लपवणार? तिच्यापासून तर नाहीच नाही.

तेवढ्यात ती आलीच. हातात तंबूच्या खुंट्यांचं पाकीट.

"यावर किलो लिहिलंय," ती दुकानदाराला म्हणाली. "पन्नास ग्रॅम कमी आहे."

दुकानदार हसला. पाकीट त्याने काट्यावर ठेवलं. नऊशे पन्नास. हसू जागच्या जागी राहिलं.

"तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होते मी," ती म्हणाली आणि मग तिची नजर कुऱ्हाडीवर गेली. "ही घ्यायची का?"

"छे गं. बघतोय नुसतं." मास्तरांचा हात पुन्हा खिशात गेला.

तिने कुऱ्हाड उचलली. मास्तर समोरच्या दोरखंडांकडे बघत राहिले. सांगून टाक एकदाचं, ते मनातल्या मनात तिला म्हणाले, सहाशे ग्रॅम, आणि विचार का म्हणून.

"अगंबाई!" तिने घाईघाईने दुसरा हात खाली लावला. "केवढी जड आहे ही! दोन किलोला मरण नाही."

मास्तरांनी मान वळवली.

"ताई, सहाशे ग्रॅम," दुकानदाराने बोट दाखवलं. "इथे लिहिलंय बघा."

"लिहिलेलं कुठे खरं असतं? आत्ताच पाहिलं ना."

दुकानदाराने कुऱ्हाड तिच्याकडून घेतली आणि काट्यावर ठेवली. सहाशे.

"काटा बिघडलाय तुमचा," ती म्हणाली.

"अहो, पण मघाशी तर..." दुकानदार काट्याकडे बघे, तिच्याकडे बघे. मग त्याने काटा उचलून हलवून पाहिला आणि खुंट्यांचं पाकीट परत वर ठेवलं.

मास्तरांना काही सुधरेना. तीस वर्षांत दहा ग्रॅमनेही न चुकलेला हात आज जवळपास दीड किलोने चुकला? ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती काही त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती, दुकानभर दुसरीकडेच बघत होती. मग त्यांना कळलं.

"महाग आहे गं," ते कसंबसं म्हणाले. "दुप्पट."

"असणारच. एवढं लोखंड आहे."

तिने कुऱ्हाड काट्याजवळून उचलली. दोन्ही हातांनी, कण्हत.

"धरा बाई तुम्हीच. मला नाही पेलवत."

मास्तरांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला.