रूथचं स्टूल

कामगारांना नवं सुचावं म्हणून सुप्याच्या कारखान्यात रोज सकाळी योगवर्ग सुरू झाला. शिक्षिका सांगायच्या, "श्वास सोडा. प्राचीन ग्रीसमधले स्टोइक तत्त्वज्ञ म्हणायचे, ताब्यात नाही ते शांतपणे सोसावं, ताब्यात आहे त्यातून काही घडवावं." आठ तास उभ्यानं पॅकिंग करणाऱ्या रूथला ते पटलं. खुर्ची मिळणं तिच्या ताब्यात नव्हतं, पण भंगारातल्या फळ्या होत्या. महिनाभर खपून तिनं घडीचं स्टूल केलं. कारखान्याच्या नवकल्पना स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. "साहेब, लायनीवरच्या समद्या बायांना द्या की असं. पोटऱ्या लई भरून येत्यात," ती म्हणाली. "बघू," म्हणत साहेबांनी स्टूल ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. वर पाटी लावली, 'योगातून सर्जनशीलता'. काही दिवसांनी पाहुणे आले. रूथला लायनीवरून बोलावलं. फोटोसाठी स्टूल कपाटातून काढून साहेब त्यावर बसले, म्हणाले, "तू मागं उभी राहा. सवय आहेच तुला."