दोन तारे, दोन पट्ट्या

"दोन तारं, दोन पट्ट्या. म्हंजे बरोबरीच की," आबा म्हणाले आणि त्यांनी कागद क्रांतीपुढे सरकवला.

डावीकडे आर्मीचे हुद्दे होते, उजवीकडे नेव्हीचे. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आबांनी दोन दिवस बसून तो तक्ता आखला होता. स्वतःच्या दोन ताऱ्यांसमोर त्यांनी लेकीच्या खांद्यावरच्या दोन सोनेरी पट्ट्या काढल्या होत्या. क्रांती नेव्हीत लेफ्टनंट होती. सुट्टीचा शेवटचा दिवस होता आणि बॅग अजून भरायची होती.

"चुकलंय, आबा. माझ्या दोन पट्ट्या म्हणजे तुमच्याकडचे तीन तारे. कॅप्टन." तिने लाल पेनाने बाण काढून सुभेदाराला खाली, नेव्हीतल्या मास्टर चीफच्या ओळीत नेलं. "तुम्ही इथं."

आबा बाणाकडे बघत राहिले. "आर्मीत कॅप्टनबी सुभेदाराला साहेब म्हणतोय. तुमच्यात न्हाय म्हणत?"

"आमच्यात तशी पद्धत नाही."

"आनि सॅल्यूट मारताना आमचा तळवा समोर उघडा, तुमचा खाली. मळल्यात व्हय हात?"

ती हसली नाही. या वयात यांना बरोबरी कशाला हवी, असं तिच्या मनात आलं.

"संध्याकाळी फोटोला पांढरा युनिफॉर्म घाल," एवढं म्हणून आबांनी कागदाची घडी केली.

दुपारी जेवून ते खुर्चीत झोपले, ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या घाटावर चितेच्या शेणी रचून झाल्या. फोटोसाठी इस्त्री केलेला युनिफॉर्म क्रांतीच्या अंगावर होता. शेवटचं काय बोलले, तर हुद्दा खाली आणला. तो लाल बाण तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

आबांच्या पलटणीतले हवालदार हंबीरराव जवळ आले.

"काल सकाळी साहेबांचा फोन आलता," ते हळू आवाजात म्हणाले. "मेडलं पुसून ठेवल्यात म्हणालं. संध्याकाळी पोरीला सॅल्यूट मारायचाय. पण दोन तारं, दोन पट्ट्या, बरोबरीच निघाली तर मारायचा कसा, ही काळजी. नियमाचा माणूस, सॅल्यूट वरच्या हुद्द्यालाच."

"मग?"

"मग दुपारी जेवायच्या आधी परत फोन. लई खूश. हंबीरा, पोरगी वर हाय म्हणालं. तिनंच लाल पेनानं लिवून दिलंय."

क्रांती पुढे गेली. आबांच्या कोटावर मेडलं लावलेली होती. ती सावधान उभी राहिली आणि तिने हात कपाळाशी नेला. पाच वर्षं खाली वळायची सवय झालेला तळवा तिने समोर उघडला.

"जय हिंद, सुभेदार साहेब."