समोरचा

तिन्हीसांजेला निनादने अंगणात मोटारसायकल लावली. "आई, नवा दिवा बसवलाय. ओवाळतेस ना?"

ती निरांजन घेऊन गाडीसमोर आली. त्याने बटण दाबलं. पांढरा झोत डोळ्यांत शिरला आणि तिच्या हातातली ज्योतही दिसेनाशी झाली.

"आता घाटातसुद्धा लांबचं दिसतं, बघ."

"आणि समोरच्याला?"

"त्याचं तो बघेल!" तो हसला.

हसणं दोन हातांच्या अंतरावरून आलं, पण मुलगा दिसेना. मागच्या वर्षी रात्री त्याच घाटात त्याच्या बाबांची स्कूटर दरीत कोसळली, तेव्हा वळणावर ब्रेकची खूणच नव्हती. एवढा सावध माणूस! तिला ते कधीच उलगडलं नव्हतं.

"बंद कर," ती म्हणाली. "बाबांना वळण का दिसलं नाही, ते आत्ता कळलं."

झोत विझला, तरी मुलगा दिसेना. ती चाचपडत त्याचा चेहरा शोधत राहिली.