गोळीचं पथ्य

"तो कप खाली ठेवा, आई."

सासूबाईंच्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्या तळहातावर गोळ्या. लोहाची, कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची, तिन्ही एकदम. सगळ्यांचं खाणंपिणं उरकलं, ओटा पुसून झाला, की तळाशी उरलेल्या चहाबरोबर त्या गिळून टाकायच्या, हा त्यांचा नेम. एक दिवस चुकला नव्हता. तरी रक्त काही वाढत नव्हतं. कालच सर्जननी त्यांना पुन्हा परत पाठवलं होतं. रक्त भरेपर्यंत गुडघ्याला हात लावणार नाही म्हणाले.

आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याशिवाय सुनेचं दुकान दिसणार नव्हतं. कोपऱ्यावर तिने स्वतःचं औषधांचं दुकान थाटलं होतं, चांगल्या उंच पायऱ्यांवर. उद्घाटनाच्या दिवशी सासूबाई खाली गाडीतच बसून राहिल्या. पाटी तेवढी पाहिली. पुढे लोक सांगत, तुमची सून आधी चार प्रश्न विचारते, मगच गोळी देते; कधी कधी तर देतच नाही. सासूबाई ते ऐकून घेत आणि तिखटमीठ लावून पुढे सांगत. पण सांगोवांगीवर पोट भरत नाही. त्यांना सुनेला काउंटरमागे उभं असलेलं डोळ्यांनी पाहायचं होतं.

"गोळ्या अशा कशा घेता तुम्ही?" सुनेने विचारलं.

"तोंडाने. आणखी कशा घेतात?"

सून हसली नाही. "चहा लोहाला अंगी लागू देत नाही. त्यात कॅल्शियम शेजारी. या एकत्र नांदणाऱ्या नाहीत, आई. वेगळ्या कराव्या लागतील."

"मला वाटलं, एकदम गेल्या की आत आपापसांत वाटून घेतील."

सुनेने तिन्ही गोळ्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या. लोहाची सकाळी, रिकाम्या पोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा-दूध त्यानंतर बऱ्याच वेळाने. ड जीवनसत्त्वाची दुपारी, भरल्या ताटाबरोबर. कॅल्शियमची रात्री जेवताना. मग तिने पुसलेल्या ओट्याकडे पाहिलं.

"आणि एक पथ्य आहे. दोन्ही वेळा पहिलं ताट तुमचं. गरम. सगळ्यांच्या आधी."

"म्हणजे मी जेवायचं आणि या मंडळींनी माझ्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"बघत कशाला बसतील? वाढतील. हात आहेत त्यांना."

"आणि नाही पाळलं तर?"

"तर गोळी लागू पडायची नाही."

लग्न होऊन आल्यापासून सासूबाई सगळ्यांच्या मागून जेवत आल्या होत्या. बहुतेकदा ओट्याशी उभ्यानेच, पातेलं निपटत. त्याचा त्यांना केवढा तोरा. पण पथ्य म्हटलं की नेमच, आणि नेम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, ते कितीही कमी असलं तरी.

पहिल्या दिवशी घास चोरीचा वाटला. सासरेबुवा डाव घेऊन शेजारी उभे राहिले आणि निम्मी भाजी टेबलावर सांडली.

"आणखी वाढू का, बाईसाहेब?"

"वाढा. ताटात वाढा."

हळूहळू सासरेबुवांचा हात बसला. मुलगा भात लावायला शिकला. गरम भाजीला अशी चव असते हे सासूबाईंना नव्याने कळलं, पण त्या कोणाला बोलल्या नाहीत. गल्लीत मात्र ज्याला त्याला पथ्य ऐकवलं. रक्त वाढलं. गुडघा झाला.

आणि एका दुपारी काठी टेकत, एकेक पायरी करत त्या दुकानात चढून गेल्या. गिऱ्हाइकं बरीच होती. हाक न मारता त्या मागे उभ्या राहिल्या.

एक दांडगा तरुण शक्तीच्या गोळ्यांचा मोठा डबा मागत होता. "तपासणी केलीस?" सुनेने विचारलं. "नाही? मग काय कमी आहे ते तुला कसं ठाऊक? आधी तपासून ये. आज काही देत नाही." तो तोंड वाकडं करून निघून गेला. सासूबाईंची मान आपोआप ताठ झाली.

मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी पुढे झाल्या. त्यांना लोहाचीच गोळी हवी होती. सुनेने सगळं तसंच सांगितलं. रिकामं पोट, लिंबाचं पाणी, चहा लांब.

"आणि सगळ्यांच्या आधी जेवायचं ना?" आजी म्हणाल्या. "तुझ्या सासूबाई सांगत होत्या. कडक पथ्य आहे म्हणे."

सून हसली. "तुम्ही घरी कधी बसता जेवायला?"

"मी? मीच पहिली. भूक निघत नाही मला."

"मग तुम्हाला त्याची गरज नाही. ते गोळीचं पथ्य नव्हतं, आजी. ज्याला जे कमी असतं, ते मी देते."

सासूबाईंनी काठी घट्ट धरली. डोळे पुसायला पदर वर नेला आणि तेवढ्यात सुनेच्या मागच्या फळीवर त्यांची नजर गेली. सकाळी मुलाने भरून दिलेला डबा तिथे होता. दुपार कलली होती आणि डब्याच्या फडक्याची गाठ तशीच होती.

त्या रांगेतून पुढे आल्या आणि सरळ काउंटरच्या आत शिरल्या.

"आई! पायऱ्या चढून आलात?"

"चढले." त्यांनी गाठ सोडली, झाकण काढलं आणि स्टूल पुढे ओढलं. मग गिऱ्हाइकांकडे वळल्या. "जरा थांबा मंडळी. हिला आधी जेवू दे."

"का हो, बरं नाही का हिला?" आजींनी विचारलं.

"ठणठणीत आहे. गोळीचं पथ्य आहे तिचं."

सून स्टुलावर बसली आणि निमूटपणे जेवू लागली. तिला कुठलीच गोळी चालू नव्हती.