पंपाचा फ्यूज

कोर्टाने गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं मालकांना खुली केली आणि बॉनेटवरचं कंपनीचं सील रद्द केलं, त्याच दिवशी मनोहर पेडणेकरांना कळलं की त्यांची बायको शालिनी वाचली असती.

अंगणातल्या गाडीच्या पडद्यावर त्यांनी पुस्तक उघडून ती गेली त्या दिवशीचा बिघाडाचा नंबर टाकला. उत्तर आलं: पंपाचा फ्यूज गेला आहे. जादा फ्यूज बॉनेटखालच्या डबीच्या झाकणात आहे, हाताने बसवा.

कुंभार्ली घाटाच्या चढावर गाडी बंद पडली तेव्हा शालिनीच्या छातीत कळा येत होत्या आणि ते तिला कराडच्या दवाखान्यात नेत होते.

"अहो, उघडा ना ते बॉनेट," ती म्हणाली होती. "जन्मभर एसटीची इंजिनं खोललीत, या डबड्याला काय घाबरता?"

"सील तुटलं तर गाडी कायमची लॉक होते गं. कंपनीचा माणूस अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोचतोय म्हणाले."

माणूस पोचला तेव्हा ती गेली होती. गाडीला त्यांनी त्याला हात लावू दिला नाही, तशीच ओढून अंगणात आणून ठेवली.

संध्याकाळी मुलीचा, चारुताचा फोन आला. "बाबा, पुस्तक बघितलंत? काय झालं होतं गाडीला?"

"मोठा बिघाड होता. आपल्या हातातला नव्हता."

"बघा, मी सांगत नव्हते? उगाच मनाला लावून घेतलंत."

फोन ठेवून त्यांनी सील काढलं आणि बॉनेट उघडलं. झाकणात फ्यूज होता, नवाकोरा. थोडा वेळ बघून त्यांनी बॉनेट लावून टाकलं.

फ्यूज अजून बदललेला नाही. चारुतालाही खरं सांगायचं राहिलं आहे.