तिले खाली आना

“ताऱ्यांच्या शांत गावात, राखी, तुला आता कुणाचाही हात लागणार नाही.” स्वतः लिहिलेल्या कवितेची शेवटची ओळ वाचून प्रेरणाने कागद खाली घेतला.

लिंबाखाली नसाब बसली होती. दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यावर कोणताही तंटा आधी या पंचायतीपुढे येई. दहा दिवसांपूर्वी बादलने आपल्या बायकोचा, राखीचा, गळा दाबून जीव घेतला होता. तो कोठडीत होता. त्याचा बाप धनसिंग आज राखीच्या आईकडे, जमनीकडे, तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर अंगठा मागायला आला होता. राखी प्रेरणाची जुनी विद्यार्थिनी. “मॅडम, दोन शब्द बोला, जमनीचं मन निवंन,” म्हणून तांड्याचा नाईक उकंडा तिला शाळेतून घेऊन आला होता.

“बराबर लेहलं, मॅडम.” धनसिंगने उपरण्याने डोळे टिपले. “पोरगी तारा झाली. आता मांगचं उकरून काय भेटन? द्या अंगठा, जमनीबाई.” त्याने शाईची डबी पुढे सरकवली.

जमनीने डबीकडे पाहिलंही नाही. ती उठून प्रेरणासमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुमी सायन्स शिकवता न? थ्या ताऱ्याइच्या गावात हवा हाय का?”

हे उत्तर प्रेरणा दरवर्षी सातवीच्या वर्गाला देत असे. राखीनेही ते वहीत उतरवून घेतलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

जमनीचे दोन्ही हात प्रेरणाच्या गळ्यावर आले.

कापूस वेचून चिरलेली, राठ बोटं. अंगठे बरोबर मध्यभागी. कोपरापर्यंत भरलेल्या पांढऱ्या बांगड्या गळ्याखालच्या हाडावर रुतल्या. प्रेरणाने मनगटं धरली, ती हलेनात. तिने नखं मारली. सहा, सात, आठ, तिच्या डोक्यात आकडे आपोआप चालू होते. मग उजेड कडेने काळा पडत आत आला, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके फुटायला लागले. शेकडो. त्यांत शांत असं काहीच नव्हतं.

“हवा नाई, अन् तिथंच धाडली माह्या पोरीले?” जमनी तिच्या तोंडाशी ओरडली. “पुन्हा?”

दोघी-तिघींनी मिळून तिला ओढून काढलं. प्रेरणा गुडघ्यांवर कोसळली आणि ओकली.

“पागल झाली का वं, जमने!” उकंडा उठून उभा राहिला.

“दाखवून राह्यली. मॅडमनं धा बी मोजले नसन. माह्या पोरीनं किती मोजले, इचार याले.” तिने धनसिंगकडे हात केला. मग ती प्रेरणाजवळ खाली बसली. कागद उचलून, त्यावरची माती झटकून तिने तो तिच्या हातात दिला. “तिले खाली आना, मॅडम.”

प्रेरणाने पेन काढलं. शेवटच्या ओळीवर तिने काट मारली. आवाज फुटत नव्हता, शब्द एकेक करून बाहेर आले.

“वर दगड फिरतात... अंधारात. आवाज नसतो. कुणाला दिसत नाहीत.” तिने श्वास घेतला; तो गळ्यात खरवडत गेला. “एखादा खाली येतो. हवेला भिडतो. भिडला की पेटतो. सगळ्या तालुक्याला दिसतो.”

“पडते कुठी?” जमनीने विचारलं.

“ते आधी सांगता येत नाही.”

जमनीने धनसिंगच्या पुढ्यातून शाईची डबी ओढून घेतली आणि अंगठा तीत दाबला.

“हे लेहा. अंगठा मी याच्याखाली देईन.”

दुपारचे दोन वाजले होते. लिंबाच्या फांद्यांतून कोरडं, निळं आभाळ दिसत होतं. धनसिंगने एकदा वर पाहिलं, आणि आपली खुर्ची हातभर मागे सरकवली.